आईच्या ऑपरेशनची सही हिंदी दुभाष्यावर भागवून घेतली, तक्रार कुठे करायची? (न्यूझीलंड)

लांब पांढरा ढग

नमस्कार मंडळी, वैतागून लिहितोय त्यामुळे लांबण लागणार, पदरात घ्या.

आम्ही न्यूझीलंडमध्ये असतो, शहर मुद्दाम सांगत नाही. आई ७२ वर्षांची, मूळची कागलकडची, दोन वर्षांपूर्वी रेसिडेंट व्हिसा मिळून कायमची आमच्याकडे आली. इंग्रजी अजिबात नाही, हिंदी म्हणजे सिरियल बघण्यापुरती. पित्ताशयात खडे निघाले, दोनदा अर्ध्या रात्री पोट धरून बसली म्हणून इमर्जन्सीला पळालो, मग इथल्या पब्लिक हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टवर नाव लागलं आणि गेल्या महिन्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख आली. सकाळी सातला बोलावलेलं. नंबर दुपारी लागेल असं सांगितलं म्हणून मी तिला वॉर्डात बसवून लेकीला शाळेत सोडायला गेलो, बायको नाइट करून झोपलेली. नेमकी तेवढ्यात आधीची केस रद्द झाली आणि आईचा नंबर वर सरकला. संमतीच्या फॉर्मवर सही घ्यायला डॉक्टर आले, मला फोन लावला, मी मोटरवेवर, उचलला नाही. मग त्यांनी फोनवर दुभाषी घेतला. हिंदीचा! का तर फाइलीत भाषा हिंदी लिहिलेली. आई हां हां करत गेली, सही केली, आत गेली.

बाहेर आली ती बरगडीखाली वीतभर चिरा घेऊन. दुर्बिणीनं जमेना म्हणून पोट उघडून करावं लागलं म्हणे. चार भोकं पडणार, दोन दिवसांत घरी, असं समजून गेलेली बाई आठवडाभर नळी लावून पडून होती. आता जखम भरलीय, खाते-पिते, पण आमच्याशी धड बोलत नाही. विचारलं की एकच, "मला कुणी इचारलंच न्हाई."

तर प्रश्न असा की इंडियन दिसला की हिंदी, हा कुठला न्याय? मी मुलगा असताना माझ्याशिवाय सही घेतलीच कशी? तक्रार करायची तर कुठे, वकील लावून भरपाई मागता येते का, आणि तक्रार केली म्हणून पुढे आईच्या नागरिकत्वात खुसपट काढतील का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

ओली छत्री

आधी आईंना बरं वाटू दे. वकिलाचं म्हणाल तर तो विचार डोक्यातून काढा, इथं भारतासारखं कन्झ्युमर कोर्टात जाऊन डॉक्टरवर लाखोंचा दावा लावणं हा प्रकार नाही. एसीसीची, म्हणजे सरकारी अपघात भरपाई योजनेची, भानगड आहे ना, अपघात असो की उपचारातून झालेली इजा, चूक कुणाची ते न बघता एसीसी खर्च देते आणि त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोर्टात जायची वाट बंद. ट्रीटमेंट इंजुरी म्हणून क्लेम टाकता येतो, जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला सांगा, एसीसी ४५ सोबत २१५२ नंबरचा फॉर्म असतो तो तेच भरतात. पण उपचाराचा नेहमीचा परिणाम असेल तर नाकारतात, आणि दुर्बिणीचं ऑपरेशन मध्येच ओपन करावं लागणं हे सर्जन लोकांना नवीन नाही, त्यामुळे फार आशा लावून बसू नका. नीट संमती न घेणं हेही त्यांच्या कायद्यात 'उपचार' या शब्दात धरलंय, तो मुद्दा जीपीकडे जरूर काढा.

नागरिकत्वाचा आणि याचा काडीचा संबंध नाही. आमच्या सासऱ्यांची तक्रार आम्ही केली होती, ते तर व्हिजिटर व्हिसावर होते, बिल स्वतःच्या खिशातून भरलेलं, तरी ऐकून घेतलं. सरकारी खर्चात उपचार कुणाला मिळतात हा वेगळा विषय आणि पेशंट म्हणून हक्क कुणाला हा वेगळा, दुसऱ्यात व्हिसा कुणी विचारत नाही.

दुभाषीण

मी इथे मराठी आणि हिंदी दोन्हीची दुभाषी म्हणून हॉस्पिटलांत जाते, त्यामुळे हे वाचून पोटात तुटलं. आणि दादा, राग मानू नका, पण तुमच्या एका वाक्यावर मला अडायचंय. "मी मुलगा असताना माझ्याशिवाय सही घेतलीच कशी" हे तुमचं वाक्य. सही तुमची लागतच नव्हती! आई शुद्धीत आहेत, त्यांचं त्यांना कळतं, तर निर्णय त्यांचा. इथल्या पेशंटच्या हक्कांच्या संहितेत सरळ लिहिलंय की प्रत्येक माणूस स्वतःचा निर्णय घ्यायला समर्थ आहे असंच धरून चालायचं, नाही असं वाटलं तर ते दाखवून द्यायची जबाबदारी समोरच्याची. बहात्तर वय आणि इंग्रजी येत नाही ही काही असमर्थतेची लक्षणं नाहीत.

ही संहिता म्हणजे वॉर्डाच्या भिंतीवर, लिफ्टपाशी जे पोस्टर असतं ना, दहा हक्कांचं, आपण सगळे ज्याच्याकडे पाठ करून उभे असतो, ती. तुमच्या कामाचे त्यातले पाचवा, सहावा, सातवा आणि आठवा. पाचवा, तुम्हाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीनं बोललं गेलं पाहिजे, आणि गरज असेल आणि शक्य असेल तिथे जाणकार दुभाषी. आता हे 'शक्य असेल तिथे' फार लवचिक आहे, हॉस्पिटल म्हणेल सकाळी साडेसातला मराठी दुभाषी कुठून आणणार. पण ही काही इमर्जन्सी नव्हती, तारीख आधीपासून ठरलेली, मराठी आधीच बुक करता आला असता. तुम्ही हा मुद्दा धरा. सहावा, काय करणार, दुसरे पर्याय काय, धोके काय हे सांगायचं, आणि विचारलंत तर लेखी सारांशसुद्धा द्यायचा. सातवा संमतीचा, पूर्ण भूल द्यायची असेल तर ती लेखीच लागते, म्हणून तो फॉर्म. आणि तुमचा राग खरं तर आठव्यात बसतो, आपल्या पसंतीचं माणूस सोबत ठेवायचा हक्क. पण बघा, तोही आईंचा. "लेक येईपर्यंत थांबा" असं त्या म्हणू शकल्या असत्या, त्यांना कुणी सांगितलं असतं तर.

हिंदीचं म्हणाल तर मला आजच सांगता येईल काय झालं असेल. हिंदीत 'पथरी' म्हणतात, मूत्रपिंडातला खडा असो की पित्ताशयातला. दुभाषी म्हणाला असेल "पथरी का ऑपरेशन है, गॉल ब्लैडर निकालेंगे". कागलच्या बाईला यातलं काय कळणार, खडा काढणार एवढंच. आईंना एकदा विचारून बघा, पित्ताची पिशवीच काढून टाकलीय हे त्यांना माहीत आहे का. मी पैजेवर सांगते नसणार.

तक्रारीचे रस्ते सांगते. थेट हॉस्पिटलला करता येते, तोंडी चालते, मराठीतूनही चालते, त्यांनी पाच कामाच्या दिवसांत लेखी पोच द्यायची आणि त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत एकतर काय ते सांगायचं नाहीतर अजून वेळ का लागतोय ते. दुसरा रस्ता ॲडव्होकसी सेवा, ०८०० ५५५ ०५०, फुकट असते, ती माणसं हॉस्पिटलची नसतात आणि पेशंटच्या बाजूनं असतात, पत्र लिहायला मदत करतात, मीटिंगला शेजारी बसतात. तिसरा हेल्थ अँड डिसॅबिलिटी कमिशनर. तिथे कुणीही करू शकतं, पेशंटच असावा लागतो असं नाही, पण भरपाईचा चेक ते देत नाहीत, चूक झाली का आणि सुधारणा काय ते बघतात. मी म्हणेन ॲडव्होकेटपासून सुरू करा.

त्याआधी एक करा, आईंच्या सहीनं त्यांच्या नोंदी मागवा. जास्तीत जास्त वीस कामाच्या दिवसांत द्याव्या लागतात. संमतीच्या फॉर्मवर दुभाष्याचा रकाना असतो, त्यात काय लिहिलंय ते बघा. आणि क्लिनिकमध्ये सर्जन आधी भेटले असतील, त्या दिवशीचं पत्रही वाचा, धोके तेव्हा सांगितले होते का.

सगळं पाण्यात

चांगली माहिती ताई, पण प्रॅक्टिकल सांगू का, काही होत नाही. माझी तक्रार होती डेंटिस्टची, कमिशनरकडे पाठवली, त्यांनी ती परत डेंटिस्टकडेच पाठवली की तुम्ही आपसात बघा, शेवटी दीड पानाचं सॉरी आलं आणि त्यातही 'तुम्हाला तसं वाटलं याबद्दल खेद आहे' टाइप. पोस्टर लावायला काय जातंय. आईला घेऊन फिरायला जा, विषय सोडा.

दुभाषीण

सगळं पाण्यात, तुमचा अनुभव खोटा नाही, बऱ्याच तक्रारी परत त्याच हॉस्पिटलकडे किंवा ॲडव्होकेटकडे जातात, खरंय. पण पोस्टर फुकट आलेलं नाही हो. १९६६ मध्ये ऑकलंडच्या नॅशनल वुमेन्स हॉस्पिटलात डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी असं ठरवलं की गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरच्या आधीचे बदल दिसले तरी काही बायकांना नेहमीचे उपचार द्यायचे नाहीत, नुसतं लक्ष ठेवायचं. बायका वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिल्या, आपण अभ्यासाचा भाग आहोत हे त्यांना सांगितलंच नाही. काहींना कॅन्सर झाला, काही गेल्या. १९८७ ला सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी मेट्रो मासिकात ते छापलं, मग न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली, १९८८ ला अहवाल, १९९४ ला कायदा आणि १ जुलै १९९६ पासून ही संहिता. ढगदादांच्या आईचं वाक्य आणि त्या बायकांचं गाऱ्हाणं एकच आहे. म्हणून मी विषय सोडा म्हणणार नाही.

पुण्याहून वाचणारा

मध्येच तोंड घालतो. आमच्याकडंही पेशंटच्या हक्कांची सनद भिंतीवर लावायची असते, २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले तेव्हापासून महाराष्ट्रात बंधनकारक आहे. वडिलांना ॲडमिट केलं तिथं लावलीही होती, वॉटर प्युरिफायरच्या मागं. 'बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येणार नाही' एवढी एकच ओळ प्युरिफायरच्या वर दिसत होती. वडील बरे होऊन घरी आले, पण चार दिवस पाणी प्यायला गेलो की तेच वाचायचो.

लांब पांढरा ढग

पुणेकर, इतक्या दिवसांनी हसलो.

दुभाषीणताई, तुमचा पहिला रिप्लाय वाचून थोडा राग आला होता खरं सांगतो, दोन दिवस उत्तर दिलं नाही. आईला विचारलं पिशवीचं. तुम्ही पैज जिंकलात. तिला वाटतंय खडे काढले आणि पिशवी आत आहे, म्हणून महिनाभर तेलकट खात नव्हती "परत खडं हुतील" म्हणून.

आणि आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. क्लिनिकचं पत्र सापडलं घरातच, ड्रॉवरमध्ये. त्यात स्वच्छ लिहिलंय की दुर्बिणीनं न जमल्यास ओपन करावं लागू शकतं, पित्तनलिकेला इजा, रक्तस्राव वगैरे सगळं 'मुलामार्फत' समजावलं. मुलामार्फत म्हणजे मी. सर्जननी मला सांगितलं होतं, मला आठवतंय, त्यांनी हातानं खूण करून चिरा कुठे येईल ते पण दाखवलं होतं आणि आईनं मला विचारलं "काय म्हणत्यात?" आणि मी म्हटलं "काही नाही, चार भोकं पाडतात, दोन दिवसांत घरी." म्हटलं उगाच घाबरेल, बीपी वाढेल. दुभाषी हवाय का विचारलं होतं त्या दिवशी, मीच नको म्हटलं. फाइलीत हिंदी पण बहुतेक मीच सांगितलेली, पहिल्यांदा जीपीकडे नाव नोंदवताना, यादीत मराठी दिसेना म्हणून हिंदी टिक केलं.

आता तक्रार कुणाची करू?

केतकीची आई

दादा, स्वतःला एवढं बडवून घेऊ नका, आपण सगळे हेच करतो. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे, १९ वर्षांची, बोलते थोडंच पण तिला कळतं सगळं. घरी सपोर्ट वर्कर येते सरकारी मदतीतून. पहिली सहा महिने ती मलाच विचारायची, आज केतकी आंघोळ आधी करेल की नाश्ता, आणि मीच उत्तर द्यायचे, मला त्यात काही खटकलं पण नाही. नवीन आली ती मुलीसमोर जमिनीवर बसली आणि टॉवेल आणि वाटी दोन्ही पुढे धरून थांबली. मी घाईत म्हटलं "आंघोळ", तर ती मला म्हणाली, तिचं होऊ दे. दोन मिनिटं गेली असतील, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती आणि माझा जीव वर खाली. केतकीनं वाटी ओढली. नंतर कळलं की हे पण त्याच संहितेत आहे, नुसतं हॉस्पिटलसाठी नाही तर घरी येणाऱ्या डिसॅबिलिटी सपोर्टलापण लागू, आणि माणसाची समज कमी असली तरी जेवढी आहे तेवढ्यापुरता निर्णय त्याचा. मी आई म्हणून सगळं तिच्या भल्याचंच करत होते हो, पण वाटी मी कधी पुढे धरली नव्हती.

(केतकी खरं नाव नाही.)

दुभाषीण

ढगदादा, लिहिलंत हे फार झालं. तुमची चूक आहे, हो. पण म्हणून हॉस्पिटलची पुसली जात नाही. घरच्या माणसाला दुभाषी करू नये हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, ते ह्याच कारणासाठी. मी जेव्हा बोलते तेव्हा डॉक्टर म्हणाला "मरण्याचा धोका आहे" तर मला "मरण्याचा धोका आहे" असंच म्हणावं लागतं, "थोडं अवघड आहे" म्हणून चालत नाही, आणि आजी म्हणाली "मेल्या, सरळ सांग की" तर तेही इंग्रजीत जातं. मुलाला ते कसं जमणार, त्याला संध्याकाळी आईसोबत जेवायला बसायचं असतं.

तक्रार तुम्ही करूच नका. आईंना विचारा त्यांना करायची आहे का. आणि एक अजून, सातव्या हक्काच्या जवळजवळ तळाशी, नववं पोटकलम, शरीरातून काढलेल्या भागाचं काय करायचं ते पेशंटनं ठरवायचं. परत हवा की हॉस्पिटलनं विल्हेवाट लावायची. माओरी लोकांत बाळंतपणानंतर पडणारी वार घरच्या जमिनीत पुरतात, त्यांच्या भाषेत वार आणि जमीन दोन्हीला एकच शब्द, फेनुआ, त्यामुळे इथे हा विषय हसण्यावारी नेत नाहीत. फॉर्मवर बहुतेक तो चौकोन असेल, कुणी टिक केला ते बघा.

लांब पांढरा ढग

जवळजवळ महिन्यानं लिहितोय, ज्यांनी ज्यांनी मेसेज करून विचारलं त्यांच्यासाठी.

आधी आईला सगळं सांगितलं, ड्रॉवरमधल्या पत्रासकट. ती काही बोलली नाही, दोन दिवस मला चहा दिला नाही, बायकोला दिला, लेकीला दूध दिलं, मला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या बाईला बोलीव, ती वकिलीण हाय न्हवं."

ॲडव्होकेट घरी आल्या, वयस्कर माओरी बाई, फोनवर मराठी दुभाषी. मी शेजारच्या खोलीत बसलो, मला बसायलाच सांगितलं. पाऊण तास चालू होतं. आईचा आवाज मी एवढा मोठा बऱ्याच वर्षांनी ऐकला.

मग हॉस्पिटलात मीटिंग झाली, सर्जन, चार्ज नर्स, ॲडव्होकेट, आणि यावेळी दुभाषी समोर बसलेली, सोलापूरची निघाली. सर्जननी चित्र काढून दाखवलं की आत किती चिकटलेलं होतं आणि दुर्बीण का बाजूला ठेवली. भाषा विचारून न घेतल्याबद्दल आणि घाईत सही घेतल्याबद्दल माफी मागितली, 'तुम्हाला तसं वाटलं' वाली नाही, साधी. फाइलीत भाषा मराठी केली, दुभाषी लागतोच अशी नोंद घातली. एसीसीचं अजून काही आलेलं नाही, बघू.

पण आईनं पहिला प्रश्न चिऱ्याचा विचारलाच नाही. तिनं विचारलं, "माझी पिशवी कुठं हाय?" सर्जन जरा थांबले. मग सांगितलं की लॅबला तपासायला गेली, वाईट काही निघालं नाही, त्यानंतर टाकून दिली. फॉर्मवर 'हॉस्पिटलनं विल्हेवाट लावावी' यावर टिक होती, ती कुणाच्या पेननं झाली ते काही कळलं नाही. आई म्हणाली, "टाकायचीच हुती. पर इचारायचं की हो." दुभाषीनं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा 'की हो' चं काय केलं मला माहीत नाही, पण सर्जननी मान खाली घातली.

आता तेलकट खाते, काल वडे केले होते.

पुढच्या महिन्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय, मोतीबिंदूसाठी. दुभाषी बुक केलाय, तिनंच मला आठवण केली. म्हटलं मी पण येतो आत, तर म्हणाली, "तू गाडीत बस. भाईर आल्यावर सांगीन काय ते."